लाईन सहा तास नव्हती, फ्रीजमधलं ठेवू की टाकू?

वावरकाठी (रात्री ९.१०)

घाईत लिहिते आहे, कारण आज रात्रीच ठरवायचं आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून १८ किलोमीटर आत. काल घरी पुतण्याचं लग्न झालं. पंगती उठल्यावर उरलेला भात आणि वरण मांडवातून घरी आलं तेव्हा चार वाजले होते. भात मोठ्या गंजात, वर झाकण. पाहुण्यांची पाठवणी, नवरीचा गृहप्रवेश, या गडबडीत तो गंज ओट्यावरच राह्यला. रात्री नऊला मी भात डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवला. आज सकाळी आठला कांदा, मिरची, सांबार (कोथिंबीर) घालून तोच भात फोडणीला टाकला, चांगली वाफ आणून. वास काहीच नव्हता, चवही नेहमीचीच. साडेदहाला धाकट्याला उलटी झाली, मग मोठीला, अकराच्या सुमारास मामाजींना (सासऱ्यांना). मामाजी ७४ वर्षांचे आहेत. दुपारपर्यंत तिघांच्या मिळून अकरा उलट्या मोजल्या मी. आता थांबल्यात. तिघंही थोडं थोडं ओआरएस पिऊन झोपले आहेत.

त्यात आज दुपारी दोनला लाईन गेली ती आठला आली. मधल्या सहा तासांत पाहुण्यांच्या लेकरांनी गार पाण्यासाठी फ्रीज किती वेळा उघडला याचा हिशोब नाही. आत काय आहे ते सांगते: कालचं वरण (भातासोबतचंच), कालची वांग्याची भाजी, आज दुपारी केलेला कोंबडीचा रस्सा (दीड वाजता ठेवला, कोमट होता), सकाळची कढी, दूध, दही, भिजवलेली कणिक, कापलेलं अर्धं टरबूज, अंडी, ठेचा, बुंदीचे लाडू.

सासूबाई म्हणतात, "वास चांगला आहे, एक उकळी आण, अन्न फेकायचं नसते बाई." त्यांचं मन मला कळतं. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन लेकरं वाढवलेल्या आहेत त्या. पण मुलाचं पांढरं पडलेलं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. काय ठेवू, काय टाकू?

जुनी_चूल (रात्री ९.२५)

लेकरं सावरली हे वाचून बरं वाटलं.

आम्ही आजवर असंच ओळखत आलो: वरणाला तार सुटली, वर फेस आला, भात बोटाला चिकट लागला, कढी कडवट झाली की टाकायचं. बुरशीचा ठिपका दिसला तर नुसता ठिपका काढायचा नाही, ओलं अन्न अख्खं टाकायचं. या खुणा खोट्या नाहीत. पण तुमच्या भातात त्यातली एकही नव्हती म्हणता, त्याचंच मला नवल वाटतं. कोणी जाणकार असेल तर सांगा, मलाही समजून घ्यायचं आहे.

उपकेंद्र_ताई (रात्री ९.५०)

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते. आधी आजाऱ्यांचं बोलू, फ्रीज नंतर.

ओआरएसच्या पुडीवर किती पाण्याची ती आहे हे वाचून तेवढ्याच पाण्यात कालवा. मोठी पुडी एका लिटरची असते, लहानही मिळतात. कमी पाण्यात दाट केलं तर मुलाला त्रास होतो. पुडी संपली तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. गटागटा देऊ नका, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पाजा. रात्रीतून मूल सुस्त पडलं, डोळे आत गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा मामाजींना उठवलं तरी नीट बोलता येईना, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

आता भात. नक्की निदान तपासणीनंच होतं, पण खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या आणि त्याही भातानं, ही खूण बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूची आहे. हा जंतू मातीत असतो, म्हणून तांदळावरही असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, भात शिजला तरी मरत नाहीत, शंभर अंशाची उकळी ते सोसतात. भात निवत आला की बीजाणू जागे होतात आणि जंतू वाढायला लागतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा पट्टा, त्यातही ३०-३५ च्या आसपास त्यांची चैन. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात ३८-४० अंश असतात.

अशा उबेत जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरा. चार ते नऊ हे पाच तास, म्हणजे दहा वेळा दुप्पट. एकाचे हजार. त्याआधी मांडवात भात किती वेळ होता तो हिशोब वेगळाच. आणि गंजाच्या मधला भात झाकणाखाली तासन् तास कोमटच राहतो, कडेचा हाताला गार लागला तरी.

जुनी_चूल ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. वास, तार, फेस हे सडवणाऱ्या जंतूंचं काम. आजारी पाडणारे जंतू वेगळे, ते बहुतेक वेळा वास-चव बदलतच नाहीत. म्हणून वास आला तर टाकायचंच, पण वास नाही म्हणून ते चांगलं, असं म्हणता येत नाही.

उकळीचं दुःख जास्त मोठं आहे. जंतू उकळीनं मरतात, पण या जंतूनं भातात सोडलेलं विष उकळीनं जात नाही. १२१ अंशावर, म्हणजे कुकरच्या आत असते तेवढ्या उष्णतेत, दीड तास ठेवून ते टिकलेलं आहे. हातावरच्या फोडातून, नाकातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकसचं विषही असंच उष्णता सोसतं. तुम्ही भाताला छान वाफ आणली, तुमच्या हातून त्यात काही चुकलं नाही. चूक आदल्या संध्याकाळीच घडून गेली होती.

२००८ मध्ये बेल्जियममध्ये एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं पाच दिवस फ्रीजबाहेर राहिलेल्या शेवया गरम करून खाल्ल्या आणि रात्रीत त्याचं यकृत निकामी होऊन तो गेला. असं क्वचित होतं, बहुतेक लोक तुमच्या घरच्यांसारखे एका दिवसात उठतात. पण लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाया यांच्याबाबतीत मी धोका पत्करत नाही.

वावरकाठी (रात्री १०.०२)

ताई, वाचून रडू आलं, पण मन हलकंही झालं. दिवसभर वाटत होतं की मी भात नीट तापवला नाही. घरात दोन-चार जण तसं बोललेही.

धानपट्टा (रात्री १०.१५)

मी गोंदियाकडचा. आमच्या घरी रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी बासी खातात, कांदा आणि मिरचीसोबत. आजोबा रोज खायचे आणि ८० व्या वर्षीही बांधीत (धानाच्या शेतात) उतरायचे. मग शिळा भात विषच असता तर आमचा अख्खा पट्टा आजारी पडला असता. ही भीती फ्रीज आल्यावरची वाटते.

उपकेंद्र_ताई (रात्री १०.३०)

दादा, बासी मीही खाल्ली आहे, त्यामुळं तिला नावं ठेवत नाही. पण दोन्ही भात एक नाहीत. बासीत भात पाण्यात बुडवलेला असतो, पाण्यानं लवकर निवतो, आणि रात्रभरात ताकासारखं आंबवणारे जंतू त्यात आंबटपणा आणतात. त्या आंबटपणात बाकीच्या पुष्कळ जंतूंचं चालत नाही. दही टिकतं ते याच कारणानं. शिवाय बासी घरापुरत्या भाताची, संध्याकाळी शिजवलेली, सकाळी संपणारी. गंजभर कोरडा भात झाकून ठेवणं हा वेगळाच प्रकार. मे महिन्यात बासीसुद्धा लहान लेकरांना देऊ नका.

आणि पश्चिम विदर्भातले आजोबा शिळं खायचे म्हणजे ज्वारीची भाकर खायचे. शेकलेल्या कोरड्या भाकरीत जंतूंना वाढायला पाणी कमी. तेल-मिठाचा ठेचा, सांडगे, कुरडया, लोणचं, सगळं एकाच तत्त्वावर टिकतं. आता ज्वारीच्या जागी भात-वरण आलं, पण ठेवायची पद्धत भाकरीचीच राहिली.

धानपट्टा (रात्री १०.३८)

भाकरीचा मुद्दा पटला. पाण्यानं भात लवकर निवतो हे लक्षातच आलं नव्हतं. आजी पाणी माठातलंच घालायची, नळाचं घालू द्यायची नाही.

कॉम्प्रेसरवाला (रात्री १०.४५)

फ्रीज दुरुस्तीचं काम करतो, १४ वर्षं झाली, बहुतेक खेड्यांतच.

लाईन गेल्यावर दार एकदाही उघडलं नाही तर साधा फ्रीज चार तास थंडी धरतो. तुमच्याकडं सहा तास गेले आणि दार उघडत राह्यलं, म्हणजे आतलं दूध-भाजी घराच्या हवेकडं निघालेलं होतं असंच समजा. बर्फाच्या कप्प्याचं वेगळं असतं, तो गच्च भरलेला आणि बंद असेल तर दोन दिवसही तग धरतो, अर्धा असेल तर एक दिवस. पण एका दाराच्या फ्रीजमधला छोटा कप्पा त्या हिशोबात धरू नका.

बऱ्याच घरी मला दिसतं की फ्रीज चालू आहे पण थंड नाही. बटणावर १ ते ७ आकडे असतात, त्यात ७ म्हणजे जास्त थंड. उन्हाळ्यात लोक १ वर ठेवून बसतात, बिल कमी येते म्हणून. आत ४ अंश किंवा त्याखाली पाह्यजे. शंभर-दीडशेत साधा थर्मामीटर मिळतो, तो पाण्याच्या ग्लासात घालून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा, सकाळी आकडा पाहा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढला गेला तर रबर बदला. मागं भिंतीपासून वीतभर जागा सोडा. दाराचे कप्पे सगळ्यात गरम असतात, आणि दूध आपण तिथंच ठेवतो. दूध वर, बर्फाच्या कप्प्याखाली ठेवा.

लाईन घरात कोणी नसताना गेली तर कळावं म्हणून एक उपाय: स्टीलच्या वाटीत पाणी भरून बर्फ करा, वर एक रुपया ठेवून द्या. गावाहून आल्यावर रुपया बर्फावरच असेल तर काळजी नाही. तळाला गेला असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं, मग आतलं शिजवलेलं काही खाऊ नका.

बाटल्यांमध्ये पाणी भरून त्यांचा बर्फ करून ठेवा. लाईन गेली की दोन बाटल्या मधल्या फळीवर, दुधाला टेकवून.

जुनी_चूल (रात्री १०.५५)

गरम ठेवलं तर फ्रीज बिघडतो म्हणतात, त्याचं काय? आमच्याकडं पूर्ण गार होईपर्यंत ओट्यावर ठेवायची पद्धत आहे. उन्हाळ्यात ते गारच होत नाही.

कॉम्प्रेसरवाला (रात्री ११.००)

काकू, उकळता गंज ठेवला तर आत वाफ धरते आणि शेजारचं दूधही तापते, म्हणून तो नको. पण कोमट आणि उथळ भांडं ठेवलं तर काही बिघडत नाही. बिघडते ते कमी व्होल्टेजमुळं.

उपकेंद्र_ताई (रात्री ११.१०)

वावरकाठी ताई, आता तुमची यादी. मी तुमच्या जागी असते तर हे केलं असतं.

वरण आणि वांग्याची भाजी टाकून द्या. वरण भातासोबतच पाच तास बाहेर होतं, आज पुन्हा सहा तास. दोन्ही वेळा बेरजेत धरायच्या. फ्रीजमध्ये गेल्यानं बाहेरचे तास पुसले जात नाहीत, तिथं वाढ फक्त मंदावते. कोंबडीचा रस्साही टाका. मला माहीत आहे, तेच सगळ्यात जिवावर येणार. पण तो कोमट ठेवला आणि अर्ध्या तासात लाईन गेली, म्हणजे तो थंड झालाच नाही. मोठ्या भांड्यातल्या मटण-कोंबडीच्या रश्शात वाढणारे जंतू वेगळे, त्यांचा त्रास सहा तासांपासून दुसऱ्या दिवसापर्यंत केव्हाही उठतो आणि पोटात मुरडा येतो. दूध, कढी, कणिक आणि कापलेलं टरबूज टाका. टरबूज आत गोड आणि ओलं असतं, सालीवरची माती सुरीसोबत आत जाते.

दही आंबट आहे, ते राहू द्या, पण वर पाणी-बुरशी काही नाही ना ते पाहा. अंडी फुटलेली नसतील तर राहू द्या, पूर्ण उकडूनच खा. ठेचा, बुंदीचे लाडू राहू द्या.

पुढच्या वेळेसाठी एवढंच: शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि आपल्या उन्हाळ्यात, हवा ३२ अंशांच्या वर असली की, एका तासात. भात परातीत पसरा, ती परात माठाच्या पाण्यानं ओल्या केलेल्या पोत्यावर ठेवा. वरणाचा गंज पसरट भांड्यातल्या पाण्यात ठेवून ढवळा, पाणी तापलं की बदला. मग छोट्या डब्यांत. वेळेत ठेवलेलं अन्न तीन दिवसांत संपवा, खाताना लागेल तेवढंच काढा आणि वाफा येईपर्यंत तापवा, एकदाच. भात मात्र मी दुसऱ्या दिवसाच्या पुढं नेत नाही.

गोठा (रात्री ११.२०)

ताई, एक गोष्ट सांगतो, टाकायचं म्हणून ते वरण-भात बैलापुढं नोका टाकू. मांगच्या वर्षी आमच्या इथं पंगतीचा उरलेला भात कोनंतरी गाईपुढं टोपलंभर टाकला. मायबाप, रात्रीतून गाय बसली, पोट फुगलं, सकाळी उठलीच नाई. डॉक्टर म्हने का भात-पोळ्या एकदम जास्त गेल्या का गुरांच्या पोटात आंबट होते, रवंथच बंद पडते. मानसाले वाटते आपन अन्न वाया जाऊ देलं नाई, पन जनावराचा जीव जाते. थोडं मूठभर चालते, टोपलंभर नाई. आन् कोनाच्या गुरानं खाल्लंच तर घरी उपाय करत बसू नोका, गुरांच्या डॉक्टरले तवाच बलवा.

उकिरड्यात खड्डा करून टाका आन् वर माती लोटा. नाई त गावचे कुत्रे आन् गुरं दोनी येतात.

पंगतीचा_आचारी (रात्री ११.४०)

२२ वर्षं लग्नाचा स्वयंपाक करतो आहे. उशिरा वाचलं, पण माझ्या बाजूनं लिहायला पाहिजे.

उरलेलं अन्न वाया जाऊ नये हे मलाही वाटतं, कारण पहाटे तीनपासून आम्ही त्यावर राबलेलो असतो. पण घरमालक उरलेल्याचा विचार चारला करतात, आणि तो बाराला करायचा असतो. आता मी भात एकदम लावत नाही. पानांचा अंदाज घेत तिसरा गंज शेवटच्या दोन पंगतींसाठी लावतो. वाढण्यासाठी बादलीत काढलेलं आणि गंजातलं कधी एकत्र करत नाही, कारण बादलीत वीस जणांचे हात गेलेले असतात. बादलीतलं घरी पाठवायचं नाही. गंजातलं, झाकण न उघडलेलं, वाफाळतं असतानाच शेजारी, शेतावरच्या मजुरांकडं पाठवायचं आणि लगेच खा म्हणून सांगायचं. मागच्या महिन्यात एका घरी दीड वाजता दोन गंज असे वाटून टाकले. संध्याकाळी घरच्यांना ताजं पिठलं-भाकर करावी लागली, पण कोणी कुरकुरलं नाही.

ताई, तुमच्या मांडवात आचाऱ्यानं हे सांगायला पाहिजे होतं. ते आमचं काम आहे.

वावरकाठी (दुसऱ्या दिवशी, दुपारी १.१५)

सगळ्यांना नमस्कार. रात्री सव्वाबाराला मी आणि यजमानांनी कंदील घेऊन उकिरड्यामागं खड्डा केला आणि सगळं पुरलं. सासूबाई ओसरीवर उभ्या होत्या. रश्शाचा डबा उलटा केला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला, बोलल्या काही नाहीत. सकाळी मी त्यांना ताईंचं हजारपटीचं गणित ज्वारीच्या दाण्यांवर करून दाखवलं. एक दाणा, दोन, चार, आठ. दहाव्यांदा दुप्पट करायला गेले तर पायली काढावी लागते की काय असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मग भात थोडाच शिजवत जा." आज मोजून तांदूळ त्यांनीच काढून दिले.

तिघांनाही आज भूक लागली आहे. मामाजींनी भाकर आणि दही मागितलं, धाकट्यानं दोन लाडू खाल्ले.

थर्मामीटर शनिवारी बाजारातून आणणार आहे. बटण १ वरच होतं, ते ५ वर केलं. दूध वरच्या फळीवर गेलं. सकाळी उठल्या उठल्या वाटीत पाणी लावलं होतं, साडेनऊपर्यंत दगडासारखा बर्फ झाला, त्यावर रुपया ठेवला. दहाला लाईन गेली आणि साडेबाराला आली. मधे कोणालाही दार उघडू दिलं नाही, लेकरांसाठी माठाजवळ वेगळा ग्लास ठेवला. आत्ता वाटी काढून पाह्यली. कडेनं थोडं पाणी सुटलं होतं, रुपया वरच होता. दूध तापवायला ठेवलं आहे.